ट्रान्सपोर्टरच्या पॅनेलवर तीन स्लायडर का, आणि लाल बटण का नको

प्रश्न असा आहे: "आमच्या एकांकिकेत एक अंतराळयान आहे आणि माणसांना यानातून थेट ग्रहावर पाठवणारं यंत्र आहे. त्याचं कंट्रोल पॅनेल मी बनवते आहे. 'स्टार ट्रेक'च्या जुन्या मालिकेत तीन स्लायडर दिसतात, नंतरच्या मालिकेत नुसती काच. आमचा दिग्दर्शक म्हणतो, एक मोठं लाल बटण ठेव, प्रेक्षकांना लगेच कळेल. असं यंत्र खरंच असतं तर पॅनेल कसं असायला हवं होतं?" विचारणारी मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

स्लायडर ठेव, आणि तीनच ठेव. लाल बटण अजिबात नको. दिग्दर्शकाचं म्हणणं मला कळतं, पण या एका यंत्रावर लाल बटण म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे. का, ते सविस्तर सांगते.

मी सव्वीस वर्षं कंट्रोल पॅनेल बनवते आहे. भोसरीत आमचं शॉप आहे. बॉयलर, पाणी शुद्धीकरण, रसायनांचे रिअ‍ॅक्टर, प्रेस शॉपमधल्या क्रेन, सगळ्याची पॅनेलं हातातून गेली आहेत. ड्रॉइंग, पत्र्याचे कटआउट, वायरिंग, टेस्टिंग आणि शेवटी साइटवर जाऊन कमिशनिंग, म्हणजे ते प्रत्यक्ष चालू करून देणं. त्यामुळे 'स्टार ट्रेक' बघताना माझं लक्ष पात्रांच्या चेहऱ्यांआधी त्यांच्या हातांकडे जातं. ट्रान्सपोर्टर, म्हणजे त्यातलं माणसं पाठवणारं यंत्र, काल्पनिक आहे, पण त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाची अडचण खरी आहे. समोर जिवंत माणसं आहेत, यंत्राच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही, आणि जे कळायचं ते त्या दोन-अडीच फुटांच्या पॅनेलवरूनच कळायचं. आमच्या कामातली अडचण नेमकी हीच असते.

हे यंत्र कथेत आलं ते खर्चाच्या अडचणीतून. मालिका 1966 साली अमेरिकेत सुरू झाली. दर आठवड्याला यान नव्या ग्रहावर उतरताना दाखवायचं तर तेवढे पैसे नव्हते. म्हणून मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी आणि त्यांच्या मंडळींनी यान वरच ठेवून माणसं किरणांतून खाली पाठवायचं ठरवलं. माणूस विरघळताना जी चमचम दिसते ती अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीवर झगझगीत प्रकाश टाकून चित्रित केलेली आहे. सेटची कल्पना मॅट जेफ्रीज यांची. ते स्वतः वैमानिक होते, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांवर होते, आणि ते त्यांच्या कामात दिसतं. त्यांच्या यानातली बटणं हाताच्या टप्प्यात आहेत आणि ऑपरेटर जे चालवतो त्याच्याकडे तोंड करून उभा आहे. ट्रान्सपोर्टरच्या कन्सोलवर मधोमध तीन स्लायडर, बाजूला बटणं आणि दिवे, समोर सहा तबकड्यांचा चौथरा. 'एनर्जाइज', म्हणजे 'सुरू करा', असा हुकूम येतो आणि ऑपरेटरची बोटं तिन्ही स्लायडर एकदम सरकवतात. पिस्टन इंजिनाच्या विमानात थ्रॉटल, प्रोपेलर आणि मिक्स्चर असे तीन दांडे शेजारी शेजारी असतात आणि वैमानिकाचा पंजा त्यांवर एकत्र बसतो. ज्याने ते हाताळले आहेत त्याला हे कन्सोल बघताच ओळखीचं वाटतं.

या हातांची एक हकिकत सांगायलाच हवी. मुख्य अभियंता स्कॉटीचं काम करणारे जेम्स डूहान कॅनडाच्या सैन्यात होते. 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले त्या दिवशी त्यांना गोळ्या लागल्या आणि उजव्या हाताचं मधलं बोट गेलं. पडद्यावर ते दिसू नये याची काळजी घेतली जायची, आणि कन्सोलवरच्या हाताचा क्लोजअप असेल तेव्हा दुसऱ्या माणसाचा हात वापरला जायचा. तीन स्लायडर, तीन बोटं, आणि ते चालवणाऱ्या पात्राचा एवढा मोठा घाव कॅमेऱ्याबाहेर. मी तो प्रसंग बघते तेव्हा हे मनातून जात नाही.

आता बटणाबद्दल. बटण दोनच गोष्टी सांगतं: हो किंवा नाही. मोटर चालू, मोटर बंद. ट्रान्सपोर्टरचं काम तसं नाही. रिक स्टर्नबाख आणि मायकेल ओकुडा यांनी 1991 साली 'नेक्स्ट जनरेशन' या 'स्टार ट्रेक'च्या पुढच्या मालिकेतल्या यानाचं तांत्रिक पुस्तक काढलं, त्यात टप्पे दिले आहेत. आधी जागेचा लॉक, मग माणसाचं कणाकणाने स्कॅनिंग, मग विघटन, मग 'पॅटर्न बफर' नावाच्या टाकीत तो साठवणं, तिथून यानाच्या बाहेरच्या एमिटरमधून प्रवाह सोडणं, आणि शेवटी समोरच्या जागेवर पुन्हा जुळणी. पल्ला सुमारे 40,000 किलोमीटरचा. म्हणजे या कामाला एक मोठा मधला भाग आहे, आणि त्या मधल्या भागात माणूस ना यानात आहे ना ग्रहावर. ज्या कामाला मध्य आहे त्याच्या कंट्रोललाही मध्य हवा. पाच टनांची डाय, म्हणजे प्रेसचा साचा, उचलणाऱ्या क्रेनच्या पेंडंटवर (लोंबत्या बटण-पेटीवर) साधी बटणं दिसतात, पण त्यांनाही दोन टप्पे असतात: अर्धं दाबलं की सावकाश, पूर्ण दाबलं की वेगात. डाय प्रेसच्या बेडपासून बोटभर अंतरावर असताना ऑपरेटर ते बटण अर्धंच दाबत असतो, श्वास रोखून. स्लायडर त्याच जातीचा आहे. हात किती पुढे गेलाय हे डोळे मिटूनही कळतं, वेग हाताच्या ताब्यात राहतो, आणि वाटलं तर मागे घेता येतं.

नवीन ड्रॉइंग हातात आलं की मी पहिला प्रश्न एकच विचारते: ऑपरेटरचा हात मध्येच सुटला, त्याला चक्कर आली, किंवा लाइट गेली, तर यंत्र कुठे जाऊन थांबायला हवं? पॉवर प्रेसचं उत्तर सोपं आहे, जागच्या जागी. म्हणून प्रेसला दोन्ही हातांची बटणं देतात; एक हात उचलला की क्लच सुटतो आणि ब्रेक लागतो. लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगने लागलेलाच असतो, वीज फक्त तो उघडते. वीज गेली की लिफ्ट आपोआप धरली जाते. बॉयलरला इंधन तोडायचं, पण पाण्याचा पंप तोडायचा नाही. प्रत्येक यंत्राची सुरक्षित जागा वेगळी असते, आणि ती आधी शोधल्याशिवाय एकही वायर ओढायची नसते.

ट्रान्सपोर्टरची सुरक्षित जागा कुठली? माणूस चौथऱ्यावर अखंड उभा आहे तोवर चौथरा. पलीकडे जुळून झाला की पलीकडची जमीन. आणि मध्ये असेल तर बफर. बफर नीट चालू राहिला पाहिजे, त्याची वीज जाता कामा नये. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेचं आयईसी 60204-1 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात थांबवण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. प्रकार 0, ताबडतोब वीज तोडा. प्रकार 1, आधी शिस्तीत थांबवा, मग वीज तोडा. प्रकार 2, शिस्तीत थांबवा आणि वीज चालूच ठेवा. पिवळ्या चकतीवरचं लाल मशरूम बटण, जे आपण सगळ्या मशीनवर बघतो, ते पहिल्या दोन प्रकारांतच बसवता येतं. त्याचा अर्थ शेवटी वीज तोडणं असाच आहे. ट्रान्सपोर्टरला मध्यात असताना हवा तो प्रकार 2. म्हणजे लाल मशरूम इथे बसतच नाही.

आणि ते फक्त नियमाचं कारण नाही. कारखान्यात काम केलेल्या प्रत्येकाच्या हाताला शिकवलेलं असतं की गडबड झाली की लाल बटणावर पंजा मार. तो पंजा विचार करून जात नाही, जायलाही नको. इथे तो पंजा माणसाला संपवेल. म्हणून या पॅनेलवर लाल बटण असूच नये. त्याच्या जागी एक पिवळा खटका ठेव, वर उचलायच्या झाकणाखाली, आणि त्यावर 'धरून ठेवा' असं लिही. काहीतरी बिघडू लागलंय, ते आवरण्यासाठी हात घाला, अशा कंट्रोलला पिवळा रंग देतात. खटका ओढला की सगळा प्रवाह बफरकडे वळतो आणि बफर बॅटरीवर जातो. लगेच समोर उलटी मोजणी सुरू व्हायला हवी, कारण त्या तांत्रिक पुस्तकाप्रमाणे बफरमध्ये साठवलेल्या माणसाचा नमुना काही मिनिटंच शाबूत राहतो. तुमच्या दिग्दर्शकाला नाट्य हवं असेल तर ते इथे आहे: पिवळा खटका ओढलेला, माणूस कुठेच नाही, आणि आकडे उतरत चाललेत.

'नेक्स्ट जनरेशन'चा 1992 साली आलेला 'रेलिक्स' नावाचा भाग मला यासाठीच फार आवडतो. स्कॉटीचं वाहन एका प्रचंड गोलावर आदळतं, मदत येण्याची शक्यता नाही. तो काय करतो? स्वतःला आणि सोबत्याला ट्रान्सपोर्टरच्या बफरमध्ये ठेवतो, यंत्राला तपासणीच्या फेऱ्यांत अडकवून ठेवतो आणि सहायक यंत्रणेवरून त्याची वीज चालू ठेवतो. पंचाहत्तर वर्षांनी दुसरं यान येतं आणि बघतं तर बफरमधला नमुना अजून फिरतोय. स्कॉटी सुखरूप बाहेर येतो, सोबत्याचा नमुना मात्र खराब झालेला असतो. त्या लेखकांना माहीत असो वा नसो, त्यांनी प्रकार 2 चं थांबणं लिहिलं आहे.

आता तीनच का. तिन्ही एकदमच सरकवायचे असतील तर एक पुरेसा नाही का, असं कुणीही विचारेल. माझ्या हिशोबाने पहिला स्लायडर विघटनाचा, दुसरा प्रवाहाला बांधून ठेवणाऱ्या किरणाचा, तिसरा पलीकडच्या जुळणीचा. नेहमीच्या वेळी तिन्ही एका रेषेत चालतात, म्हणून तीन बोटांखाली एकच आडवी रेघ जाणवते. एखादा मागे पडला की रेघ मोडते आणि बोटाला ते लगेच कळतं, डोळे चौथऱ्यावर असले तरी. मागे पडलेल्याला एकट्याला सावरून घेता येतं. एकाच स्लायडरने हे जमत नाही.

मात्र इथे एक मोठा धोका आहे आणि तो काल्पनिक नाही. 21 ऑगस्ट 2017 ला सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' ही विनाशिका आणि 'अ‍ॅलनिक एमसी' हा टँकर यांची टक्कर झाली आणि 10 खलाशी गेले. जहाजाच्या ब्रिजवर सुकाणू आणि इंजिनाचा वेग टचस्क्रीनवरून चालवायची सोय होती. गर्दीच्या समुद्रात एकाच्या हातातलं काम दोघांत वाटताना ताबा चुकून दुसऱ्या कन्सोलवर गेला आणि सुकाणू धरणाऱ्याला वाटलं, जहाज हातातून गेलं. त्याच सुमारास डाव्या आणि उजव्या प्रोपेलरचे थ्रॉटल एकमेकांपासून सुटलेले होते. वेग कमी करा म्हटल्यावर एकाच बाजूचा कमी झाला आणि जहाज डावीकडे वळलं. थ्रॉटल जोडलेले आहेत की सुटलेले, हे स्क्रीनवरचं एक चिन्ह सांगत होतं. दांडे खरे असते तर हातानेच सांगितलं असतं, कारण एक पुढे आणि एक मागे असलेले दांडे अंधारातही लपत नाहीत. 2019 साली नौदलाने त्या वर्गातल्या जहाजांवर पुन्हा हाताचे थ्रॉटल बसवायचं ठरवलं.

म्हणून तुझ्या तिन्ही स्लायडरना एक आडवी पट्टी दे, वरून बसणारी. पट्टी बसली की तिन्ही जोडलेले. वेगवेगळे चालवायचे असतील तर पट्टी उचलून बाजूला ठेवावी लागेल, दोन बोटांनी, मुद्दाम. सगळ्या खोलीला ते दिसेल.

काचेकडे येऊ. 1987 साली 'नेक्स्ट जनरेशन' आली तेव्हा मायकेल ओकुडा यांनी काळ्या अ‍ॅक्रिलिकवर रंगीत आकार छापून मागून प्रकाश दिला. शेकडो बटणं आणि दिवे जोडण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडलं, आणि दिसायलाही देखणं. त्या काळ्या पृष्ठभागावरचे केशरी आणि जांभळे गोलाकार पट्टे बघून पुढच्या दोन पिढ्यांनी भविष्यातला पडदा असाच असतो असं मनात धरलं. ओब्रायन हा त्यांचा ट्रान्सपोर्टर प्रमुख काचेवर तीन बोटं पुढे सरकवतो, जुन्या तीन स्लायडरची खूण तशीच ठेवून. मला त्या मांडणीबद्दल मनापासून आदर आहे. पण पॅनेल बनवणारी म्हणून सांगते, ज्या कामात डोळे दुसरीकडे असायला हवेत त्या कामाला सपाट काच चालत नाही. काचेवर बोट कुठे आहे ते बघायला मान खाली घालावी लागते. नेमक्या त्या क्षणी नजर चौथऱ्यावर हवी. माहिती दाखवायला काच उत्तम, चालवायला दांडा. आमच्याकडेही एचएमआयची, म्हणजे माहिती दाखवणारी, स्क्रीन असते, पण हाताने चालवायचा सिलेक्टर आणि पॉट (फिरवायची खुंटी) आम्ही पत्र्यावरच देतो.

दिव्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे सगळेच चुकतात आणि मीही चुकले आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात गरम पाण्याच्या टाकीचं पॅनेल दिलं होतं. टाकीच्या इनलेटला हवेवर चालणारा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हवर लिमिट स्विच, म्हणजे तो खरंच उघडा आहे की बंद ते सांगणारे स्विच, लावायचे की नाही यावर चर्चा झाली, खर्च कमी करायचा म्हणून ते वगळले गेले, आणि त्या ड्रॉइंगवर सही माझी होती. मग 'व्हॉल्व्ह बंद' हा हिरवा दिवा कुठून घ्यायचा? पीएलसीच्या, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या, आउटपुटवरून. म्हणजे पीएलसीने बंद हो म्हटलं की दिवा लागणार. कमिशनिंग झालं, सगळं छान चाललं. काही महिन्यांनी एका रात्रपाळीत व्हॉल्व्हच्या हवेची निळी नळी फिटिंगमधून निसटली. व्हॉल्व्ह उघडाच राहिला. पॅनेलवर हिरवा दिवा. ऑपरेटर त्या दिव्याकडे बघत बसला होता, त्याच्याकडे शंका घेण्याचं काही कारणच नव्हतं. पलीकडच्या खोलीतल्या हेल्परच्या बुटात पाणी शिरलं तेव्हा कळलं. कुणाला भाजलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिथे ओल्या जमिनीवर उभी होते आणि ऑपरेटर मला सारखं एकच सांगत होता, "मॅडम, दिवा हिरवा होता."

पेन्सिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुभट्टीत 28 मार्च 1979 ला हेच झालं, फार मोठ्या प्रमाणावर. दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडा अडकला होता. कंट्रोल रूममधला दिवा व्हॉल्व्ह बंद आहे असं सुचवत होता, कारण तो व्हॉल्व्हची जागा दाखवत नव्हता, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या सोलेनॉइडला गेलेला हुकूम दाखवत होता. दोन तासांहून जास्त वेळ भट्टीचं पाणी तिथून जात राहिलं. त्यातच एकामागून एक शंभरावर अलार्म वाजले आणि कशाकडे बघायचं हेच कळेना.

त्या टाकीनंतर मी प्रत्येक महत्त्वाच्या जागी दोन दिवे देते. एक 'आदेश', एक 'स्थिती'. आदेश पीएलसीकडून, स्थिती प्रत्यक्ष जागेवरच्या स्विचकडून. दोन्ही जुळेपर्यंत स्थितीचा दिवा लुकलुकत राहतो. तुझ्या पॅनेलवरही तसंच कर. 'पाठवलं' हा एक दिवा आणि 'पोहोचलं' हा वेगळा दिवा, प्रत्येक प्रवाशासाठी. पोहोचल्याची खबर पलीकडून आली पाहिजे, आपल्या बाजूने गृहीत धरलेली नको. बीबीसीच्या 'ब्लेक्स सेव्हन'मध्ये, 1978 ते 1981, याची छान सोय होती: 'लिबरेटर' यानातून खाली जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर ब्रेसलेट असायचं, आणि ते असल्याशिवाय टेलिपोर्टला माणूस परत आणता यायचा नाही. ब्रेसलेट म्हणजे दुसऱ्या टोकाचा लिमिट स्विचच. एकांकिकेत चार माणसं खाली गेली आणि 'पोहोचलं'चे तीनच दिवे लागले, तर संवादाची गरजसुद्धा राहणार नाही.

इंटरलॉकचं, म्हणजे अटी पूर्ण झाल्याशिवाय यंत्र सुरू होऊ न देणाऱ्या अडवणुकीचं, उदाहरण 1979 च्या 'स्टार ट्रेक'च्या पहिल्या चित्रपटात आहे, आणि ते बघवत नाही. यानाची दुरुस्ती अजून चालू आहे. इंजिन विभागात कुणाच्या तरी लक्षात येतं की ट्रान्सपोर्टरचा एक भाग काम करत नाहीये, वापरू नका असा निरोप बोलून दिला जातो, आणि तोवर ट्रान्सपोर्टर रूममध्ये दोन माणसं यायला सुरुवात झालेली असते. दोघंही मरतात. कन्सोलवरची ऑपरेटर धडपडते. दोष तिचा नाही. इंजिन विभागातल्या बिघाडाचा कॉन्टॅक्ट त्या कन्सोलच्या परवानगीच्या साखळीत नव्हता. आमच्याकडे सगळ्या अटींचे कॉन्टॅक्ट सिरीजमध्ये येतात: पंखा चालू, दार बंद, दाब पुरेसा, दुरुस्तीचं कुलूप निघालेलं. एकही उघडा असेल तर स्टार्ट बटण दाबून काहीही होत नाही. निरोप पोहोचायला उशीर होऊ शकतो, उघडा कॉन्टॅक्ट वाट बघत नाही. तुझ्या पॅनेलवर स्लायडरच्या वर सात-आठ छोट्या पांढऱ्या खिडक्यांची एक ओळ ठेव: बफर तयार, लॉक पक्का, यानाची संरक्षक ढाल उतरवलेली, दुरुस्ती पूर्ण. ओळ पूर्ण उजळेपर्यंत स्लायडरची खीळ सुटत नाही.

त्याच चित्रपटात ऑपरेटरला चौथऱ्यापासून वेगळं करून काचेआड ठेवलं आहे. किरणांपासून संरक्षण म्हणून ते समजण्यासारखं आहे, पण निदान काच तरी आहे. खऱ्या जगात ट्रान्सपोर्टरच्या सगळ्यात जवळचं यंत्र कुठलं असेल तर ते किरणोपचाराचं. माणसाच्या शरीरावर किरण सोडायचा आणि सोडणारा भिंतीपलीकडे. 1985 ते 1987 या काळात थेरॅक-25 या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली, काही त्यातच गेले. आधीच्या यंत्रांत जी अडवणूक तारांनी आणि स्विचने केलेली होती, ती यात सॉफ्टवेअरवर सोपवली होती, आणि सॉफ्टवेअरमध्ये चूक होती. पडद्यावर यायचं 'मालफंक्शन 54', अर्थ काहीच नाही. असे संदेश रोजच यायचे, म्हणून ऑपरेटर 'पी' दाबून पुढे जायची. 1986 साली टेक्सासमधल्या टायलर गावात हे घडलं त्या दिवशी रुग्णाच्या खोलीतलं चित्र दाखवणारा मॉनिटर जोडलेला नव्हता आणि आवाजाची यंत्रणाही बंद होती. आत माणूस वेदनेने उठायला बघतोय आणि बाहेर कळायला मार्ग नाही.

1966 च्या सेटवर ऑपरेटर चौथऱ्याकडे तोंड करून, मध्ये काहीही न ठेवता उभा होता. ती मांडणी बदलू नकोस. प्रेक्षकांना पॅनेल दिसावं म्हणून दिग्दर्शक ते वळवायला सांगेल. पॅनेल तिरकं लाव, पण नटाची नजर आणि चौथरा यांच्यामधली रेघ मोकळी ठेव. आणि बिघाडाचे संदेश आकड्यांत लिहू नकोस. 'बफरची वीज कमी' असं मराठीत लिही, पहिल्या रांगेतल्या माणसालाही कळेल.

आता प्रत्यक्ष काम. स्लायडरसाठी 100 मिलिमीटर सरकणारे फेडर घे, साउंड मिक्सरला लागतात ते. 60 चे स्वस्त मिळतात, पण रंगमंचावर हाताची हालचाल दिसत नाही. 10 किलोओहमचे लिनिअर माग, 'बी' टेपरचे; 'ए' दिलं तर ते आवाजासाठीचं असतं, अर्धं सरकवूनही आकडा अर्धा येत नाही. पुण्यात तपकीर गल्लीत मिळतील, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. मधे खाच असलेले मिळाले तर तेच घे. ती खाच म्हणजे तुझा बफर: अर्ध्यावर 'टक' होऊन हात थांबतो, नटी समोर बघून थांबते, मग पुढे. खाच नसलेले मिळाले तर आडव्या पट्टीच्या वाटेत बाजूच्या पत्र्यावर छोटा स्प्रिंग बॉल बसव.

आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर तिन्ही वाचताना 0 ते 1023 आकडे येतात. फेडरचा आकडा जागच्या जागीही दोन-चारने थरथरतो, म्हणून आठ-दहा वाचनांची सरासरी घे. तिघांत पन्नासपेक्षा जास्त फरक पडला की पिवळा दिवा, शंभरला हूटर. हूटर बारीक आवाजाचा घे, संवाद दबता कामा नयेत. प्रकाशासाठी 5 व्होल्टची पत्ता असलेली एलईडी पट्टी वापरणार असशील तर एक हिशोब लक्षात ठेव: एक एलईडी पूर्ण पांढरी लागली की 60 मिलिअ‍ॅम्पिअरपर्यंत घेते. तीस एलईडी म्हणजे 1.8 अ‍ॅम्पिअर, ते बोर्डाच्या पिनवरून घेऊ नकोस, वेगळा सप्लाय दे आणि दोन्हींचा ग्राउंड एकत्र जोड. वर 3 मिलिमीटरचं दुधी अ‍ॅक्रिलिक. पट्टी त्याला चिकटवलीस तर एकेक ठिपका दिसेल. मागे इंचभर अंतर ठेव, प्रकाश एकसारखा पसरतो.

पॅनेलची उंची उभ्या नटीच्या कोपरापर्यंत, उतार पंधरा-वीस अंश. तिला तालमीत रोज तोच क्रम करू दे: आधी खिडक्यांची ओळ मोठ्याने वाचायची, मग कॅप्टनचा हुकूम शब्दशः परत म्हणायचा, मग पट्टीवर हात, मग नजर चौथऱ्यावर, आणि शेवटचा 'पोहोचलं'चा दिवा लागेपर्यंत हात उचलायचा नाही.

पॅनेल तयार झालं की अंधारात तपास. ज्याने ते कधी पाहिलं नाही अशा एखाद्याला पुढे उभं कर, एक फेडर मुद्दाम मागे ठेव आणि पॅनेलकडे न बघता कुठला मागे आहे ते विचार. त्याला सांगता आलं नाही तर नॉब बदल, प्रत्येकाचा आकार वेगळा दे.

वायरला दोन्ही टोकांना नंबरचे फेरूल (टोकाच्या छोट्या नळ्या) लाव आणि पॅनेल ते बोर्ड एकच मल्टिपिन कनेक्टर ठेव; विंगेत पाच मिनिटांत जोडून व्हायला हवं. आणि प्रयोगाला जाताना एक फेडर जास्तीचा बरोबर घे, वायर सोल्डर करून, कनेक्टर लावून, फोममध्ये गुंडाळून.